घरच्या मिरचीला झालंय तरी काय? पानं बघून दुखणं ओळखण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातली गच्ची असो, खानापूरकडचं परडं असो की निपाणी-चिक्कोडीतलं मळ्यातलं घर असो, मिरचीची दोन-चार झाडं बहुतेकांकडे असतातच. प्रश्नही सगळीकडून तेच येतात. पानं वळलीत, पिवळी पडलीत, फुलं गळतायत. कुठलं औषध मारू? इथं औषधांची नावं थोडीच सापडतील. घरच्या मिरचीची निम्म्याहून जास्त दुखणी पाण्याची, मातीची नाहीतर उन्हाची असतात, आणि उरलेल्यांत कीड कुठली हे कळल्याशिवाय मारलेलं औषध बहुधा वाया जातं.

पान बिघडलेलं दिसलं की सगळ्यात आधी काय बघायचं?

बिघाड कुठल्या पानांवर आहे ते. खालच्या जुन्या पानांपासून सुरू झालेला पिवळेपणा आणि शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसणारा पिवळेपणा यांची कारणं वेगळी. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून टंचाई खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत. ते कमी पडले की शेंडा बोलतो.

मग पान उलटा. मिरचीची कीड खालच्या बाजूला, शिरेच्या कडेला दडून बसते. वरून बघून 'कीड नाही' म्हणणारे फार. एक पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि फांदीला बोटानं दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पिवळसर किंवा काळपट, बारीक आणि लांबट काहीतरी तुरुतुरु पळायला लागलं तर ते फुलकिडे, म्हणजेच थ्रिप्स. काहीच दिसलं नाही म्हणून कोळी (माइट) नाही असं समजू नका. तो साध्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. मोबाईलनं पानाच्या खालच्या बाजूचा जवळून फोटो काढून मोठा करून बघा, किंवा दहापट दाखवणारं भिंग घ्या.

झाडं किती बिघडलीत हेही महत्त्वाचं. सगळ्या कुंड्यांना एकाच दिवसात झालं आणि शेजारचा टोमॅटो, वांगंही तसंच दिसतंय, तर ऊन, पाणी, खत किंवा वाऱ्यावर आलेलं तणनाशक यांच्यावर संशय घ्यावा. रोग-कीड एका झाडावर सुरू होते आणि तिथून पुढं सरकते. गेल्या पंधरवड्यात काय बदललं तेही आठवा: कुंडी हलवली, खत घातलं, वळीव पडला, गावाला जाऊन आलात. उत्तर बऱ्याचदा तिथंच सापडतं.

दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी परत ताठ होतात. पाणी कमी पडतंय का?

बहुधा नाही. मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, म्हणून झाड पानं खाली लोंबवतं. ऊन उतरल्यावर आपोआप सावरतं. दुपारी मान टाकलेली बघून रोज तांब्याभर पाणी ओतणाऱ्यांची मिरची उन्हानं मरत नाही, पाण्यानं मरते.

खरी परीक्षा सकाळची. सूर्य वर यायच्या आधीही पानं लोळलेली असतील तर दुखणं आहे. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, कुंडीच्या बुडातून वाहीपर्यंत. ओलं लागलं तर पुढचा प्रश्न वाचा.

माती ओली आहे तरी झाड सुकतंय. असं का?

मुळांना हवा मिळत नाही किंवा मुळं, खोड सडलंय. पावसाळ्यात बेळगाव-खानापूर भागात मिरची मरते ती सर्वांत जास्त यानंच. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कुंडीखाली बशी असते, बुडाचं भोक मातीनं बुजलेलं असतं. मुळं पाण्यात राहिली की तपकिरी आणि मऊ होतात, साल बोटात निघून येते. निरोगी मूळ पांढरट आणि चिवट असतं.

मातीलगतचं खोड काळं पडून खचलं असेल तर ती बुरशीची बुंधासड. असं झाड सहसा वाचत नाही. बाकीची झाडं वाचवायला कुंड्या पावळणीच्या आत घ्या, बशा काढा, भोकं मोकळी करा. परड्यात असतील तर सपाट वाफ्यात न लावता सरीच्या वरंब्यावर लावा. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात वरंब्याशिवाय मिरची टिकवणं अवघडच.

आणखी एक शक्यता असते: झाड हिरवंगार असतानाच एक-दोन दिवसांत कोमेजतं, पान पिवळंही होत नाही. हा जिवाणूजन्य मर असू शकतो. त्याची खूण घरी बघता येते. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा धारदार सुरीनं कापा, स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात त्याचं एक टोक बुडेल असा धरा आणि पेला न हलवता थांबा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर निदान झालं. यावर औषध नाही. झाड मातीसकट काढा, ती माती परत मिरची, टोमॅटो, वांगं, बटाटा यांना वापरू नका, सुरी उकळत्या पाण्यातून काढा. हा रोग बटाट्यालाही होतो, म्हणून बेळगाव तालुक्यातल्या बटाट्याच्या शेतातली माती फुकट मिळते म्हणून कुंडीत भरू नये.

खालची पानं पिवळी होऊन गळतायत. खत कमी पडलं?

पूर्ण पान सारखं पिवळं आणि झाडाची वाढ खुंटलेली असेल तर नत्र कमी आहे. पावसाळ्यात कुंडीतलं नत्र पाण्याबरोबर धुऊन जातं, त्यामुळं जूनमध्ये घातलेलं खत ऑगस्टपर्यंत पुरत नाही. मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला, आठवड्यानं फरक दिसायला लागतो. युरिया घालायचाच तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि कोरड्या मातीवर कधीच नको.

जुन्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर मॅग्नेशियम. लिटरला तीन-चार ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी परत एकदा. कडेनं करपल्यासारखी किनार असेल तर पालाशची कमतरता किंवा मातीत साठलेला क्षार, दोन्ही असू शकतं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली जमलीय का बघा. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की अशी खपली जमते. मग एकदा पावसाचं साठवलेलं पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढावी.

अगदी तळाची दोन-तीन पानं म्हातारी होऊन पिवळी झाली आणि वरचं झाड टवटवीत आहे, तर ती तोडून टाका आणि विसरा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हे काय?

लोहाची कमतरता. पण लोह मातीत नाही असं क्वचितच असतं, ते झाडाला घेता येत नाही. कारण कुठलं हे तुम्ही कुठं राहता यावर ठरतं.

अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्तीकडे काळी माती, त्यात बऱ्याच ठिकाणी चुनखडी. अशा मातीचा सामू (पीएच) आठाच्या आसपास जातो आणि लोह, जस्त मातीतच अडकून बसतं. इथं मातीत लोह ओतून उपयोग नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पानांवरच फवारावं आणि पुढच्या वेळी कुंडी भरताना शेणखत, पालापाचोळा जास्त घालावा. राख अजिबात नको.

बेळगाव-खानापूरची तांबडी, जांभ्याची माती उलट आंबट (आम्लधर्मी) आणि लोहानं भरलेली. तिथं हेच लक्षण दिसलं तर आधी मुळांकडे बघावं, कारण मुळं पाण्यात गुदमरली की लोह असूनही वर जात नाही. तिथं लोहाची बाटली आणण्यापेक्षा कुंडीचं भोक मोकळं करणं स्वस्त पडतं. या मातीत खरी टंचाई असते ती पावसानं धुपून जाणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची.

अथणीच्या पाहुण्यांनी सांगितलेला उपाय बेळगावातल्या अनगोळच्या गच्चीवर म्हणूनच चालत नाही.

पानं वळलीत, आकसलीत. हाच बोकड्या का? बरा होतो का?

बोकड्या, चुरडा-मुरडा, मुरडा अशा नावांखाली आपण तीन-चार वेगळी दुखणी एकत्र बांधतो, आणि म्हणून औषध चुकतं. पान कुठल्या दिशेला वळलंय ते बघा.

कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल आणि खालच्या बाजूला शिरेजवळ रुपेरी-तपकिरी चट्टे असतील तर फुलकिडे. ते पान खरवडून रस पितात. कोरड्या, उष्ण हवेत वाढतात, जोराच्या पावसात कमी होतात. फेब्रुवारी ते मे हा त्यांचा हंगाम.

होडी उलटी असेल, म्हणजे कडा खाली वळलेल्या, पान अरुंद, जाडसर आणि कडक, देठ लांबलेला, खालची बाजू तकतकीत तांबूस, तर तो पांढरा कोळी. कोळी हा कीटक नाही, म्हणून दुकानदार सवयीनं हातात देतो ते इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक त्यावर चालत नाही. उलट कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. यावर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पानाच्या खालून भिजेल असं. कडक उन्हात गंधक फवारलं तर पानं करपतात, आणि कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी गंधक नको.

पानं बारीक, चुरगळलेली, शिरा जाड, पेरं जवळजवळ आलेली, झाड खुजं आणि झुडपासारखं झालं असेल तर तो विषाणू, पांढऱ्या माशीनं आणलेला. हा बरा होत नाही. कुठल्याही बाटलीवर काहीही छापलेलं असो, विषाणूला मारणारं औषध झाडांसाठी नाही. असं झाड लवकर उपटून पिशवीत घालून टाकलेलं बरं, नाहीतर तेच झाड बाकीच्यांना रोग वाटत बसतं.

फुलकिडे आणि कोळी बऱ्याचदा एकाच झाडावर असतात, तेव्हा पानं वरही वळलेली आणि खालीही. अशा वेळी आधी सगळ्यात बिघडलेले शेंडे खुडून टाका, निम्मी कीड तिथंच जाते. मग पाण्याचा जोराचा फवारा खालून मारा, दुसऱ्या दिवशी निंबोळी अर्क. वळलेली जुनी पानं परत सरळ होत नाहीत; औषध लागू पडलं की नाही हे नंतर फुटलेल्या पालवीवरून ठरवायचं. लोक इथंच घाई करतात. तीन दिवसांत पान सरळ झालं नाही म्हणून दुसरी बाटली आणतात.

फुलांत काळपट फुलकिडे खचाखच भरलेले दिसले तर ती वेगळी जात आहे. २०१५ साली बेंगळूरकडे पपईवर ती भारतात प्रथम आढळली आणि २०२१ मध्ये आंध्र, तेलंगण, कर्नाटकातल्या मिरचीवर तिनं हाहाकार उडवला. ही कीड फुलांत राहते, त्यामुळं फुलं गळतात आणि मिरच्या वाकड्या, खरबरीत होतात. घरी निळे चिकट सापळे लावणं आणि कीड भरलेली फुलं साबणाच्या पाण्यात झटकणं एवढं नक्की करता येतं.

आमच्याकडे तंबाखू घरातच असतो. तंबाखूचं पाणी मारलं तर?

निपाणी भागातून हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर स्पष्ट आहे: मिरचीवर मारू नका.

तंबाखूतल्या निकोटिनानं मावा ही कीड मरते हे खरं. पण तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या, आणि तंबाखूचा मोझाइक नावाचा विषाणू मिरचीलाही लागतो. हा विषाणू फार चिवट आहे, वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. तंबाखू गार पाण्यात भिजवून फवारला तर मावा मारता मारता रोग टोचला जाऊ शकतो. शिवाय निकोटिन माणसाला विषारीच आहे आणि त्वचेतूनही आत जातं. पावसात ओला तंबाखू हाताळून गरगरल्याचा अनुभव मळ्यात काम करणाऱ्यांना नवा नाही.

हाच विषाणू हातानंही पसरतो. विडी वळून, तंबाखू चोळून किंवा वखारीतून येऊन थेट मिरचीचे शेंडे खुडू नका. आधी साबणानं हात धुवा. दुधानं हात आणि कात्री धुण्याचाही उपयोग होतो. दुधातली प्रथिनं हा विषाणू निकामी करतात. मोझाइक झालेलं पान हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी चितारलेलं, किंचित फुगीर-खोलगट दिसतं, आणि फांदीला टिचकी मारली तरी कागदावर काहीच पडत नाही.

शेजारच्या उसात औषध मारल्यावर आमच्या मिरचीची पानं अरुंद आणि पिळवटलेली झाली. विषाणू म्हणायचा का?

आधी तणनाशकाचा संशय घ्या. उसात रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी सर्रास मारतात. वारं असताना मारलं तर ते बांध ओलांडून येतं, आणि मिरची-टोमॅटोला त्याचा थेंबभर अंशही पुरतो. नवी पानं अरुंद, शिरा एकमेकींना समांतर, देठ आणि शेंडे पीळ दिल्यासारखे. विषाणूत एक झाड आधी बिघडतं; इथं उसाच्या बाजूची सगळी झाडं एकदम बिघडतात, टोमॅटो, पावटा, भोपळ्यासकट.

दुसरं कारण घरातच असतं: तोच पंप. तणनाशक मारलेला पंप नुसत्या पाण्यानं खळबळून मिरचीवर औषध मारलं तर हेच होतं. भाजीपाल्याचा पंप वेगळा ठेवा, लहान हातपंप चारशे-पाचशे रुपयांत येतो. अंश कमी असेल तर झाड महिन्याभरात चांगली पालवी काढतं, म्हणून लगेच उपटू नका. त्या काळात आलेल्या मिरच्या मात्र खाऊ नका.

पानं चिकट लागतात आणि मुंग्या चढतात.

मावा किंवा पिठ्या ढेकूण. ते गोड चिकटा सोडतात, तो खायला मुंग्या येतात, चिकट्यावर पुढं काळी बुरशी धरते. मुंग्या माव्याला राखतात, म्हणून फक्त मावा मारून भागत नाही. पाण्याच्या धारेनं मावा झाडून टाका, पिठ्या ढेकूण असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या ब्रशनं पुसून काढा. ठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो आणि त्याच्या काळसर, काटेरी अळ्या मावाच खातात. त्या अळ्यांचा फोटो काढून 'ही कुठली भयंकर कीड' असं विचारणारे दरवर्षी भेटतात.

पावसाळ्यात पानांवर गोल डाग पडतात.

मध्ये राखाडी-पांढरा ठिपका आणि भोवती तपकिरी कडा असेल तर बुरशीचे ठिपके. लहान, काळपट, पाणी शोषल्यागत दिसणारे डाग, भोवती पिवळी कड आणि पानं धडाधड गळतायत, तर जिवाणूचे. दोन्ही मातीवरून उडणाऱ्या पावसाच्या शिंतोड्यांबरोबर चढतात. म्हणून बुंध्याशी भाताचं पिंजर किंवा उसाचं पाचट पसरा, मातीला टेकणारी पानं काढून टाका, दाटी असेल तर फांद्या विरळ करा. डाग वाढतच असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, पावसाची उघडीप बघून. पावसात मारलेलं औषध गटारीत जातं.

पानाच्या खालच्या बाजूला बुरशी, कीड काहीच नाही पण खरखरीत फोड आलेत, तर दमट हवेत पाणी जास्त झालंय. पाणी कमी करा, बाकी काही नको.

डिसेंबर-जानेवारीत पानाखाली पांढरी भुकटी, वरून पिवळे डाग?

भुरी. थंड रात्री आणि कोरडे दिवस तिला मानवतात. मिरचीवर ती पानाच्या खालून येते, त्यामुळं वर पिवळा डाग दिसेपर्यंत कळत नाही. गंधकच चालतं, दोन ग्रॅम लिटरला, सकाळी लवकर.

ताक, राख, चहापत्ती, अंड्याची टरफलं?

ताकावर लोकांची फार श्रद्धा आहे. पातळ ताकानं भुरी थोडीफार आवरते, सुरुवातीलाच मारलं तर. विषाणूवर मारून झाड बरं झाल्याचं जे सांगतात त्यांच्या झाडाला बहुधा विषाणू नव्हताच, फुलकिडे होते आणि मध्ये पाऊस पडला.

चुलीची राख अल्कधर्मी असते. बेळगाव-खानापूरच्या आंबट तांबड्या मातीत चमचाभर चालते, फायदाही होतो. काळ्या मातीत नको. पानांवर राख उधळायची पद्धत आहे; तिनं थोडे किडे हटतात पण पानांची छिद्रं बुजून नुकसानही होतं. चहापत्ती धुऊन, वाळवून, मातीत मिसळून ठीक. साखर-दुधासकट ओतली तर मुंग्या आणि बुरशी. टरफलं भुकटी करून घातली तरी कॅल्शियम सुटायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून ढोबळी मिरचीच्या बुडाला काळा खड्डा पडला की टरफलांची वाट बघू नका. तो खड्डा बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमितपणामुळं येतो: चार दिवस कोरडं, मग एकदम भिजवण. पाणी सारखं द्या.

सावलीतलं झाड उन्हात ठेवलं आणि पानांवर पांढरट चट्टे पडले.

ऊन लागलं. रोग नाही. जुनी पानं सुधारत नाहीत, नवी चांगली येतात. पुढच्या वेळी आठवडाभर आधी सकाळचं, मग हळूहळू दुपारचं ऊन दाखवा. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेल्या तरूलाही हेच लागू.

पेरांवर जांभळे पट्टे आलेत.

बऱ्याच जातींत ते असतातच. सोडून द्या.

रात्रीत पानं कुरतडली जातात, कीड दिसत नाही.

रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघा. पावसाळ्यात गोगलगायी, एरवी अळी. पानावर काळी लेंडी असेल तर अळी जवळच आहे. हातानं वेचणं हाच उत्तम उपाय, दोन कुंड्यांसाठी औषध आणू नका.

झाड छान आहे, पानं हिरवीगार, पण फुलं गळतात.

'हिरवीगार' या शब्दातच अर्धं उत्तर आहे. नत्र जास्त झालं की मिरची पानांवर जाते. युरिया, कोंबडीखत थांबवा. दुसरं कारण उष्णता: दिवस पस्तीस अंशांच्या वर आणि रात्रही चोवीस-पंचवीसच्या खाली उतरत नसेल तर फूल टिकत नाही. बेळगावात एप्रिलच्या रात्री सहसा गार असतात, म्हणून इथं हे कमी, अथणी-रायबागेत जास्त. तिथं दुपारी साडीची किंवा जाळीची सावली करा. बंद बाल्कनीत वारं आणि मधमाशी पोचत नसेल तर सकाळी फुललेली फांदी हळूच हलवा. आणि फुलं कागदावर झटकून फुलकिडे बघायला विसरू नका.

निंबोळी अर्क घरी कसा करायचा?

वाळलेल्या निंबोळ्यांच्या आतल्या गराची भरड पन्नास ग्रॅम, फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पुरचुंडी पिळून पाणी दुधट होईपर्यंत काढा, गाळा, अगदी थोडा साबण घाला. त्याच दिवशी वापरा, साठवू नका, उन्हात निंबोळीचा गुण लवकर जातो म्हणून संध्याकाळी मारा. आठ दिवसांनी परत. आधी दोन पानांवर मारून एक दिवस बघा. विकतचं कडुनिंबाचं तेल लिटरला तीन ते पाच मिली पुरतं. जास्त घातलं की पानं करपतात. भांड्याचा लिक्विड साबण चमचाभर ओतणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा, काही थेंब पुष्कळ होतात.

दुकानातून रासायनिक औषध आणलंच तर?

डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरच्या झाडासाठी लाल-पिवळा आणूच नका. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी 'थोडं सुट्टं देतो' म्हणणारे भेटतात. सुट्टं औषध घेऊ नका, कारण लेबलाशिवाय मात्रा कळत नाही आणि तोडणीचा काळही कळत नाही. फवारणीनंतर किती दिवस मिरची तोडायची नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं. लेबल कानडीत असेल आणि वाचता येत नसेल तर वाचून घ्या, अंदाजानं ठरवू नका. मिरची आपण कच्चीच ठेच्यात घालतो, शिजवून काही उडून जात नाही.

संकेश्वरी मिरचीचं घरचं बी धरावं का?

धरावं, झाड निरोगी असेल तर. मिरची स्वतःच्या परागानं फळते, पण मधमाशांमुळं शेजारच्या जातीचा परागही येतो. बाजूला ज्वाला किंवा ढोबळी असेल तर पुढच्या वर्षीची संकेश्वरी संकेश्वरी राहीलच असं नाही. बी धरायच्या फांदीवर फुलं उमलायच्या आधी मलमलची पिशवी बांधा. पूर्ण लाल, डाग नसलेल्या मिरचीचं बी घ्या. मोझाइक झालेल्या झाडाचं बी नको, त्या विषाणूचे अंश बियांच्या सालीवर राहतात.

नेमकं कळत नसेल तर पान कुठं दाखवायचं?

होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) ठिकाणी कृषी खात्याचं रयत संपर्क केंद्र असतं, तालुक्याला बागायत खात्याची कचेरी असते. बैलहोंगलकडच्यांना मत्तिकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र जवळ, गोकाक-मुडलगीकडच्यांना तुक्कानट्टीचं. अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. जाताना एकच सुकलेलं पान नेऊ नका. बिघडलेली फांदी शेंड्यासह, एक निरोगी फांदी, आणि झाड मरतंय असं असेल तर मुळासकट अख्खं झाड न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पान घामेजून सडतं, वर्तमानपत्रात गुंडाळा. आधी काय काय मारलंय त्याची चिठ्ठी सोबत ठेवा, रिकाम्या बाटलीचा फोटो असेल तर आणखी बरं.